आणखी एका पाण्यातून

कॅनडात आमचे जावई मेपलच्या झाडांच्या रसाची काकवी करतात. रसातलं पाणी वेगळं काढणारी गाळणी, तिला ते मेम्ब्रेन म्हणतात, काल साबणाने धूत होते. मला शंका आली. आत साबण उरला, तर उद्याचा सगळा रस वाया!

"बाबा, खळखळून धुतलंय हो," जावई म्हणाले.

पण घाणीवर सगळेच संशय घेतात. स्वच्छतेवर कोण घेतो? मी हिला बोलावलं. सांगलीत दूध लागलं, तर हिला कोल्हापुरात वास येतो. नळीतून निघणारं पाणी हुंगून ही म्हणाली, "जावईबापू, आणखी एका पाण्यातून काढा."

त्यांनी हसत नळ सोडला. एवढा फेस आला, की अख्ख्या जंगलाची दाढी झाली असती!

आज घावनाबरोबर नवी काकवी घेतली. गोड होती. इतकी गोड, की मी वाटी पुन्हा हुंगली.