देवाच्या वर माझं नाव

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीची पहिली पत्रिका गावच्या देवळात देवापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि मग सासऱ्यांनी चष्मा लावून ती मोठ्यानं वाचायला घेतली. पहिल्याच ओळीला थांबले. तिथं कुलदैवताचं नाव असायला हवं होतं. होतं माझं. ठळक, मधोमध, आणि त्याखाली इंग्रजीत तारीख. देव बिचारा तिच्याही खाली.

"जावईबापू," सासरे शांतपणे म्हणाले, "देवाच्या डोक्यावर बसलाय की तुमी."

पुजाऱ्यांनी हसू लपवायला तोंड फिरवून उगाचच घंटा वाजवली.

मी सांगलीत कॉलेजात गणित शिकवतो. प्रश्नपत्रिका हातानं मांडत नाही; एका फाइलीत यादी, दुसऱ्या फाइलीत आठ ओळींच्या सूचना, आणि एक आज्ञा दिली की कॉम्प्युटर छापखान्यासारखं देखणं पान काढून देतो. आयुष्यात एवढी एकच कला आली, म्हणून घरात तिच्या फुशारक्या जरा जास्तच मारल्या. परिणामी बायकोनं वडलांना सांगून टाकलं, "आबा, छापखान्यात जाऊ नका. हे प्रत्येकाची वेगळी पत्रिका काढतील, हुद्द्यासकट."

हुद्दा ही तिथली मोठी गोष्ट. साताऱ्याकडचं गाव, एका घराआड एक फौजी; सासरे स्वतः निवृत्त सुभेदार. मागं एका लग्नात छापील पत्रिकेवर सासऱ्यांच्या मित्राचं नाव पेनानं नुसतं 'श्री.' लावून लिहिलं होतं. ते निवृत्त हवालदार अक्षता टाकून न जेवताच घरी गेले. तेव्हापासून सासऱ्यांच्या मनात होतं, आपल्या पत्रिकेवर प्रत्येकाचा हुद्दा छापलेला पाहिजे. आणि पत्रिका हातात पडायच्या त्या गावच्या जत्रेत, चार दिवसांनी. एरवी पुण्याला मुलांकडं असणारे सगळे जुने सोबती तेव्हाच गावात असतात.

"परवा सकाळपतूर जमलं तर बघा," सासरे म्हणाले, "न्हाईतर मी छापखाना गाठतो."

परतीच्या वाटेवर कराड मागं पडल्यावर बायको म्हणाली, "लग्न झाल्यापासून आबांचं हे एकच काम मी अंगावर घेतलं. ते मी तुम्हाला दिलं."

घरी येऊन मी पहिल्यांदाच ती मधली फाइल उघडली, जी पान तयार व्हायच्या आधी प्रोग्रॅम गुपचूप बनवतो. माझ्या आठ ओळी होत्या, पण त्यांच्या वर त्यानं आपल्या मनानं शंभरेक ओळी जोडल्या होत्या. कागदाचा आकार, समास, अक्षरांचा साचा, मग शीर्षक, कर्त्याचं नाव, तारीख. प्रश्नपत्रिकेसाठी मीच कधीतरी त्याला माझं नाव सांगून ठेवलं होतं. त्यानं इमानानं लक्षात ठेवलं आणि देवाच्याही वर नेऊन लावलं. इतकी वर्षं मी ज्याला माझी कला म्हणत होतो, त्यातल्या माझ्या ओळी आठ. मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, मी अधाशासारखा पुढच्या ओळी वाचत सुटलो.

शोधता शोधता एक सूचना सापडली, 'तुझ्या ओळी वर जोडू नकोस.' ती दिली आणि बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली.

"नाव गेलं," मी म्हणालो.

"सगळ्यांचीच गेली," ती म्हणाली.

पानभर नुसत्या रिकाम्या चौकटी. मराठी अक्षरांची सोयही त्याच शंभर ओळींत होती.

"आबांच्या मित्रांना ह्या चौकटी वाटायच्या का? सगळंच कशाला टाकलंत? तांदळात खडे निघाले म्हणून कुणी तांदूळ ओतून देतं?" आणि तिनं खुर्ची ओढली. "वाचा एकेक."

मी ओळ वाचायची, ती काय करते ते सांगायचं, आणि तिनं निकाल द्यायचा. अक्षरं? ठेवा. कागद? ठेवा. शीर्षक, नाव, तारीख? काढा. एका ओळीचं काम मलाच माहीत नव्हतं. "मग काढून बघा." काढली तर 'निवृत्त हवालदार' पानाच्या कडेच्या वेलबुट्टीवर चढले. परत ठेवली.

निवडलेल्या ओळींची आमची स्वतःची एक फाइल केली आणि प्रोग्रॅमला बजावलं, वर फक्त ही लाव, तुझं काही नको. आज्ञा दिली. पानामागून पान येत गेलं. वर कुलदैवत, खाली हुद्दा, मग नाव, सगळं जिथल्या तिथं. मी खुर्चीवरून उठून खोलीभर फिरायला लागलो. बायको यादीशी एकेक हुद्दा ताडून बघत म्हणाली, "बसा आता, मोजताना चुकतंय माझं."

जत्रेत सासऱ्यांनी पत्रिका स्वतःच्या हातानं वाटल्या. ते न जेवता गेलेले हवालदार आले. आपल्या हुद्द्यावरून त्यांनी अंगठा घासून बघितला.

"सुभेदार, ह्ये छापलंय? पेनानं न्हाई?"

"छापलंय."

"मग येतो जेवायला."

मी देवळाच्या खांबाआड उभा होतो. तिथंच नाचावंसं वाटत होतं, पण जावयाला शोभलं नसतं.

दोन दिवसांनी सासऱ्यांचा बायकोला फोन आला. अजून वीस पत्रिका हव्या होत्या. लोक विचारतायत म्हणे कुणी केल्या, तर या विसांवर खाली कोपऱ्यात जावईबापूंचं नाव घालायला सांग. मी बाजूला उभा राहून जोरजोरात होकाराची मान हलवत होतो.

तिनं फोनवर हात ठेवला. "तुमचं नाव काढायला दोन दिवस लागले. घालायला किती लागतील ते आधी सांगा, मग आबांना हो म्हणते."