झिग्मासचा कान

झिग्मास गेले त्याला आता तीन वर्षं झाली. आमच्या उड्डाण क्लबात आजही कोणी नवीन आलं की त्यांच्या कानाची गोष्ट सांगितली जाते, आणि सांगणारे सगळे सोयीस्करपणे अर्ध्यावर थांबतात. मीही थांबत आले. आज पुरी सांगते.

मी आल्दोना. या क्लबात सव्वीस वर्षं पॅराशूट घड्या घालायचं काम केलं. माझी खोली हँगरला लागून, मधे नुसती पत्र्याची भिंत. त्यामुळे झिग्मासची प्रत्येक शिवी मला ऐकू यायची आणि माझ्या किटलीची शिट्टी त्यांना.

आमची विमानं म्हणजे दोन जुनी याक. सोव्हिएत काळातली, पोरांना उडायला शिकवण्यासाठी बनवलेली, रशियन गेले आणि ती आमच्याकडे राहिली. या विमानाचं सगळं काम दाबलेल्या हवेवर चालतं. इंजिन हवेच्या झोतावर सुरू होतं, चाकं हवेनेच आत-बाहेर होतात, पंखांच्या मागच्या झडपा हवेवर, ब्रेकही हवेवर. दोन नळकांडी, एक रोजच्या वापराचं, एक अडीअडचणीचं. कुठे सुईच्या टोकाएवढी फट पडली, की संध्याकाळी भरलेली हवा सकाळपर्यंत निम्मी उडून जाते.

ती फट शोधायची साधी रीत म्हणजे साबणाचा फेस. ब्रशने सांध्यांवर लावायचा आणि बुडबुडा कुठे फुगतो ते बघायचं. झिग्मासना त्याचा भारी तिटकारा. "साबण दाढीला," म्हणायचे. ते कानाने शोधत. नळ्या भरायच्या आणि एक बोट वर करायचं. बोट वर गेलं की हँगरमध्ये सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, रेडिओ बंद, बोलणं बंद, खोकलाही गिळायचा. मग ते डोळे मिटून विमानाभोवती एक फेरी मारत आणि नेमक्या सांध्यावर पाना टेकवत. मी त्यांना चुकलेलं पाहिलं नव्हतं. दुसऱ्या क्लबांचे लोक लांबून त्यांना न्यायला यायचे. बोट खाली येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे आमच्याकडे देवळातल्यासारखं पाळलं जायचं.

माणूस तसा तिरसट. हवेतलं पाणी रोज सकाळी गाळणीतून काढून टाकलं नाही, की हिवाळ्यात ते नळीत गोठतं. ते कोणी विसरलं तर झिग्मास त्याला थंडगार पाना गालाला लावून म्हणायचे, "बघ, विमानाला असंच वाटतं." पण शिकवायचे जीव ओतून. यूराते त्यांच्याच हाताखाली वाढली. सतराव्या वर्षी आली ती नट धुवायला, आणि तेहतिसाव्या वर्षी आमची एकुलती एक बाई प्रशिक्षक झाली. त्यांना ती काका म्हणायची.

त्या जुलैत एका सकाळी ती म्हणाली, "काका, रात्रीत हवेचा काटा पंचेचाळिसावरून विसावर येतोय. कुठेतरी गळतंय."

झिग्मासनी बोट वर केलं. आम्ही सगळे थांबलो. त्यांनी फेरी मारली आणि बोट खाली घेतलं.

"घट्ट आहे. तूच उतरल्यावर नळकांड्याचा कॉक घट्ट फिरवत नाहीस. हात आहेत की उकडलेले बटाटे?"

सगळे हसले. मीही हसले. आणि हसताना मला पुढच्या चाकाकडून एक बारीक सूं ऐकू येत होतं, अगदी स्पष्ट. मला वाटलं, असेल काहीतरी. खरं तर तसं वाटलं नव्हतंच. दोन हिवाळे माझी किटली शिट्टी मारून मारून थकायची आणि पलीकडून "आल्दोना, तुझं भूत ओरडतंय" ही नेहमीची हाक यायची बंद झाली होती. त्यांचे कान गेले हे मला माहीत होतं. त्यांना ते कसं सांगायचं, ते माहीत नव्हतं. म्हणून मी किटलीच लवकर उतरवायला लागले.

चौथ्या दिवशी यूराते विमान घेऊन उतरली. तिन्ही चाकं टेकली, विमान धावलं, आणि वेग कमी होत असताना पुढचं चाक दुमडलं. नाक जमिनीवर आपटलं, लाकडी पंख्याच्या ढलप्या गवतभर उडाल्या. यूरातेला खरचटलंही नाही. पण क्लबात सगळ्यांच्या मनात एकच आलं. उतरल्यावर धावताना पंखांच्या झडपा वर घ्यायच्या असतात. त्यांचा दांडा सोडून चाकांचा दांडा ओढला, तर विमान असंच नाकावर बसतं. वैमानिकाला याहून मोठी नामुष्की नाही, आणि असा माणूस परत शिकवायला ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे अध्यक्ष रिमविदास यांनी चौकशी मांडली. विमान चाकं अधांतरी राहतील असं घोडीवर चढवलं, हवा भरली, चाकांचा दांडा खाली केला.

"झिग्मास, बघा. हवेचा दोष असेल तर पोरगी सुटली."

बोट वर गेलं. आम्ही अकराजण उभे होतो. सूं येत होतं. मी श्वास रोखून उभी राहिले, जणू माझ्या श्वासाने ते झाकलं जाणार होतं. झिग्मास पुढच्या चाकापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. त्यांच्या मानेवर घाम होता.

"घट्ट," ते म्हणाले.

दुपारी यूराते माझ्या खोलीत आली, पॅराशूटच्या लांब टेबलाशी बसली.

"आल्दोना, मला झडपांचा दांडा हातात आठवतोय. थंड, छोटा. पण काका कधी चुकत नाहीत. म्हणजे मलाच चुकीचं आठवतंय."

"अगं, उद्यापर्यंत थांब की."

"कशाला? माझ्या हाताने चूक केली असं लिहून देते. रिमविदासला संध्याकाळी कागद पाहिजे."

तिने तिथेच बसून लिहिलं, सही केली. मी समोर घडी घालत राहिले. ती गेल्यावर बघितलं तर घडी चुकली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ती उलगडून तशीच टाकली आणि हँगरमागे गेले.

झिग्मास बाकावर बसून बिटाचं गार सूप खात होते. मी समोर उभी राहिले आणि ओरडून म्हणाले, "माझी किटली शेवटची कधी ऐकलीत?"

चमचा थांबला. "काय संबंध?"

"कधी?"

ते चिडले. म्हातारी झालीस, तुझी किटलीच मोडकी असेल, असं काहीबाही बोलले. मी हलले नाही. मग त्यांनी वाटी बाजूला ठेवली.

"कधीपासून माहितेय तुला?"

"दोन हिवाळे."

"मला तीन." ते बुटांकडे बघत म्हणाले, "मघाशी चाकापाशी मला काहीच ऐकू येत नव्हतं, आल्दोना. काहीच. तरी तोंडातून 'घट्ट' निघून गेलं. अकराजण बघत होते गं."

मला त्यांची कीव आली, आणि स्वतःची किळस.

"साबण आहे तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी हँगरमध्ये दाढीचा ब्रश घेऊन ते सगळ्यांसमोर पुढच्या चाकाखाली गुडघ्यांवर बसले. रिमविदासच्या हातात यूरातेचा कागद होता. हवा भरली. झिग्मासनी चाकाचा पाय खाली रेटणाऱ्या हवेच्या रबरी नळीच्या टोकाला फेस लावला, आणि तिथे एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. हवा तिथेच निसटत होती, त्यामुळे पाय पुरता रेटला गेला नव्हता आणि त्याला जागी धरणारी कडी अर्धीच बसली होती. नळी त्यांनी स्वतः बसवलेली होती.

"मला ऐकू येत नाही," ते मोठ्याने म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तितक्या मोठ्याने. "तीन वर्षं. पोरीची चूक नाही." मग यूरातेकडे वळले. "तुला येतो याचा आवाज?"

ती त्यांच्याजवळ खाली बसली, तोंड त्यांच्या समोर आणून म्हणाली, "येतो, काका. आठवडाभर येतोय."

"मग बोलली का नाहीस, गाढवा?"

"तुम्हालाही येतोय असंच वाटलं. तुम्ही घट्ट म्हणालात. म्हटलं, हा आवाज असायचाच असेल."

झिग्मासचा चेहरा मला बघवेना. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि आमच्याकडे मान वळवली.

"आणखी कोणाला येतोय?"

पहिला हात रिमविदासचा वर गेला, ज्याने चौकशी मांडली होती. मग खजिनदाराचा. मग एकेक करत सगळ्यांचे. माझा सर्वांत शेवटी.

यूराते बाकी कोणाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. तो कागद लिहायला तिला पेन मी दिलं होतं.