चष्मा काढा ना आधी

पडद्यावरच्या बायकांना आवाज देणं हे तिचं काम. नायिका, सासू, मोलकरीण, सगळ्यांच्या गळ्यात हीच. एकदा एक चावट सिनेमा आला, इतका स्वस्तातला की पलंगसुद्धा दिग्दर्शकाच्या मावशीचा. घरी तिने सांगितलं, कौटुंबिक आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. कुटुंबं तीन होती, पलंग एक.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. गिऱ्हाइकाने चावट विनोद केला तरी कानकोंडा व्हायचा बिचारा. त्याला कळलं तर तो रागावणार नाही, नुसता गप्प होईल, आणि त्या गप्प होण्याचीच तिला धास्ती होती.

आवाज भरायची खोली गाद्यांनी मढवलेली. दुपारची गुंगी, अंधार, समोर मुके चेहरे पुन्हा पुन्हा तेच ओठ हलवताहेत. अशा खोलीत आपण जागे आहोत की झोपेत, ते आपलं आपल्यालाही कळत नाही. मुक्याचा प्रसंग आला की आपल्याच मनगटाचा मुका घ्यायचा, ही या कामाची रीत. देखणा प्रियकर नायिकेवर वाकला. हिने डोळे मिटले, मनगट ओठांशी नेलं आणि तोंडून निघून गेलं, "अहो, चष्मा काढा ना आधी."

प्रियकराला चष्माच नव्हता. तिने आवाज पुन्हा भरायची विनवणी केली, पण साउंडवाला पोट धरून हसत म्हणाला, "वाक्य ओठांशी जुळलंय बाई, राहू द्या."

सिनेमा धो धो चालला. नाकं मुरडणारेही दुसऱ्यांदा जाऊन आले. त्या वाक्याला लोक थेटर डोक्यावर घेत, रस्त्यात चष्मेवाल्यांची धडगत नव्हती. नवराही चष्मेवालाच. एक दिवस तो म्हणाला, "चल, बघून येऊ."

अंधारात तिचाच आवाज कुठून तरी तरंगत आला. सगळे खिदळले. तो ढिम्म. बाहेर पडल्यावरही अर्धा रस्ता एक शब्द नाही. तिला वाटलं, संपलं.

कोपऱ्यावर तो थांबला. "घरातलं बोलणं गावभर केलंस."

"चुकून निघालं हो. डोळे मिटले होते माझे."

"समोर एवढा देखणा माणूस होता."

"होता."

"आणि डोळे मिटल्यावर मी दिसलो?"

तिने मान डोलावली. लाजेने तिला रडूच येत होतं.

"पुढचा खेळ सुरू व्हायचाय अजून," तो म्हणाला आणि तिचा हात धरून थेटराकडे परत चालू लागला.