माझ्या बहिणीचा व्हिसा

"आजपासून मुलांच्या डब्यांना हात लावायचा नाही."

मॅडम हे सगळ्यांसमोर म्हणाल्या. स्टाफरूम भरलेली होती. मी दारात उभी. हातात हमीपत्र.

ठाण्याच्या त्या शाळेत मी सोळा वर्षं मावशी होते. मावशी म्हणजे लहान मुलांना बाथरूमला न्यायचं, त्यांची उलटी पुसायची, डबे उघडून द्यायचे. मॅडम तिथल्या मुख्याध्यापिका.

माझी मोठी बहीण सुमन कराचीला दिलेली. तिकडे मराठी माणसं आहेत हे इथे कुणाला खरंच वाटत नाही. आमच्याच गावचं घराणं, दोन पिढ्यांमागे बंदरावर कामाला गेलेलं, तिकडेच राहिलं. त्यांनी हुंडा मागितला नाही. वडलांनी मुलगी दिली. लग्नानंतर तिचा पासपोर्ट बदलला. ती अजून घरी गणपती बसवते, फोनवर मला "अगं बाय" म्हणते. पण कागदावर परकी.

आई माझ्याकडे, डोंबिवलीजवळ कोपरला. लकव्यानं डावं अंग गेलेलं. दिवसभर एकच विचारायची, "सुमन आली का?"

सुमनला इकडे यायचा व्हिसा हवा, तर इथल्या माणसानं हमी द्यायची. त्यावर अधिकाऱ्याचा सही-शिक्का. माझ्या ओळखीत शिक्का असलेलं माणूस एकच, मॅडम. म्हणून हमीपत्र घेऊन त्यांच्याकडे गेले. त्याच आठवड्यात त्या श्रीलंकेला फिरायला चाललेल्या. त्यांचा व्हिसा दोन दिवसांत मोबाईलवर आला. त्याची प्रिंट मीच काढून आणलेली. तोही शेजारचाच देश.

"पाकिस्तानात बहीण? सोळा वर्षं लपवलंस?"

"लपवलं नाही मॅडम. कुणी विचारलं नाही."

एक टीचर हसत म्हणाली, "मावशी, तिकडे काय काय कळवतेस गं आमच्याबद्दल?"

सगळ्या हसल्या. ज्यांच्या पोरांना मी मांडीवर झोपवलंय, त्याही.

मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. "बहिणीशी माझा काही संबंध नाही, असं लिहून दे. मग नोकरीचं बघू."

मी लिहिलं. खोटं कशाला सांगू. लिहिलं, सही केली, आणि बाथरूम धुवायला गेले.

संध्याकाळी आईला पेज भरवत होते. तिनं विचारलं, "सुमन आली का?" रोज सांगायचे, येईल गं. त्या दिवशी नाही जमलं. ज्या हातानं लिहून दिलेलं त्याच हातानं तिचं तोंड पुसलं. माझीच मला किळस आली.

सकाळी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. सोळा वर्षांत पहिल्यांदा, न विचारता.

"तो कागद परत द्या."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. कागद द्या."

दिला. मी तिथेच फाडला. तुकडे पर्समध्ये टाकले. त्यांच्या केबिनचा केर काढायला मी आता नव्हते.

मग डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी धरली. कल्याणला तहसील कचेरीत खेटे. रेशनकार्ड, लाइटबिल, आईचे रिपोर्ट. सातव्या फेरीत सही मिळाली. सुमनताईचा अर्ज इस्लामाबादला, भारताच्या वकिलातीत गेला. ती दर सोमवारी चौकशी करायची. एकच उत्तर, प्रक्रियेत आहे. इकडे पोलीस चाळीत येऊन गेले, शेजाऱ्यांना विचारून गेले. दुसऱ्या दिवसापासून नळावर माझ्याशी कुणी बोलेना.

"विमानानं किती वेळ लागतो गं तिला?" आईनं एकदा विचारलं.

"दीड तास."

अकरा महिने झाले. आई गेली.

सुमनताई व्हिडिओ कॉलवर होती. म्हणाली, "पाय दाखव." मी मोबाईल आईच्या पायांपाशी धरला. तिनं तिकडून स्क्रीनला कपाळ लावलं. मला नुसता काळोख दिसत होता आणि तिचं रडणं ऐकू येत होतं. लोक म्हणाले, उशीर होतोय, उचला.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी हवालदार आला. माणूस वाईट नव्हता. बूट बाहेर काढून आत बसला.

"आई गेल्या ना? मग आता भेटीचं कारणच राहिलं नाही. हमी मागे घ्या, इथे सही करा. मलाही त्रास नको, तुम्हालाही नको."

"मी नाही करणार."

"व्हिसा मिळणार नाही हो, ताई."

"माहितेय. पण मी आहे ना अजून. ती माझी बहीण आहे."

तो उठला. कागद घडी करून गेला.

आता तर सीमाच बंद आहे. तो अर्जही रद्द झाला. मी पन्नाशी ओलांडली, ती साठीला आली, तिला मधुमेह. आम्ही एकमेकींना पुन्हा बघणार नाही, हे दोघींना कळलंय. फोनवर तो विषय आम्ही काढत नाही.

पण दार उघडलं की त्याच दिवशी पुन्हा अर्ज करणार. हमी माझी. नाही म्हणायचं तर सरकारी माणसांनी म्हणावं, दर वेळी, लेखी. त्यांच्या वतीनं मी नाही म्हणणार नाही.