बाटल्यांचं सोवळं

आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही, आणि मी मासे कापते. वडील कळमनुरीत महादेवाचे पुजारी. धरणातल्या माशांच्या कल्ल्यांत, काळजात आणि मांसात तांबं, शिसं किती साठतं, हे मी संशोधनासाठी तपासते. परसातली सरपणाची खोली वडिलांनी मला मोकळी करून दिली, पण तिचा उंबरा काही ओलांडला नाही. देवळात कुणी विचारलं की, "पोरगी कालेजात शिकून राहिली," एवढ्यावर भागवायचे. ते मला फार लागायचं. त्यांनी एकदा आत येऊन माझं काम बघावं, एवढंच मला हवं होतं.

हे काम भलतं कडक. लोखंडी सुरी चालत नाही, प्लास्टिकची लागते. हातात बांगडी नको. बाटल्या आम्लात बुडवायच्या, शुद्ध पाण्यानं विसळायच्या आणि परसातल्या ओट्यावर कापडाखाली वाळवायच्या.

कॉलेजातल्या यंत्रावर पहिले आकडे आले आणि मी हबकलेच. सगळ्या माशांत तांबंच तांबं. मासा न घालता ठेवलेल्या कोऱ्या बाटलीतही तेच. म्हणजे हे तांबं माशांचं नव्हतंच. घरी येऊन मी सगळ्यांवर डाफरले, की माझ्या बाटल्यांना हात कुणी लावला?

"मी तीर्थ शिंपडलं व्हतं," वडील शांतपणे म्हणाले. "माशाची भांडी, म्हणून तांब्याच्या पंचपात्रातलं."

आधी संताप आला, मग हसू आवरेना. "बाबा, तुमच्या पंचपात्राचं तांबं यंत्रानं पकडलं."

"दोन थेंबांतलं?"

"व्हय."

ते बाटली हातात घेऊन बघत राहिले. "आमच्याहून कडक हाय की तुझं," म्हणाले.

मी पुन्हा धरणावर गेले, भोयांकडून ताजे मासे आणले. त्या खेपेला कोरी बाटली कोरीच निघाली, पण मला आठवते ती मासे कापायला बसले ती सकाळ. शेजारच्या काकू पितळी कळशी कमरेवर घेऊन खोलीत डोकावायला आल्या. वडिलांनी त्यांना बाहेरच थांबवलं.

"कळशी घेऊन आत न्हाई जायचं, वहिनी. आत माझ्या लेकीचं सोवळं हाय."

ऐकून माझी मान ताठ झाली. काकू गेल्या. वडिलांनी बोटातली तांब्याची अंगठी काढून कोनाड्यात ठेवली, हात धुतले आणि उंबरा ओलांडून आत आले.

"दाखव बरं," ते म्हणाले, "माशाचं काळीज कुठं असतं ते."