'ळ'चा तास

उज्जैनच्या देवास गेटला केळीवाला केळ्यांना हिंदीत 'केले' म्हणाला आणि मला जर्मनीतला माझा पहिला आठवडा आठवला. भाषाशास्त्राच्या वर्गात इंग्रजी चुकेल म्हणून मी चार दिवस तोंड उघडलं नव्हतं. पाचव्या दिवशी प्राध्यापकबाई म्हणाल्या, "जीभ मागे वळवून काढायचा एक 'ल' आहे, मला तो कधीच जमला नाही. कुणाला येतो?" तो आपला ळ होता. मी उठून म्हणाले, "बाळ, पोळी, आभाळ." बाई माझ्या हातात खडू देऊन स्वतः बाकावर जाऊन बसल्या. सगळा वर्ग माझ्यामागून म्हणू लागला, आणि बाईंचं 'आभाळ' अचूक आलं तेव्हा टाळ्या वाजल्या. आता मी इथे उज्जैनला शिकवते. पण माझा पहिला तास मी तिथे घेतला, शिकायला गेले असताना.