कोहळ्याला पहिला चिरा

त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. मार्चमध्ये हे गेले, नदीवर ग्वारीघाटाला सगळं आटोपलं, आणि वर्षाच्या आत सण करायचा नाही म्हणून सासूबाईंनी आकाशकंदील माळ्यावरून काढूच दिला नाही. अशा घरी कढई चढत नाही, फराळ शेजारपाजारचे आणून देतात. तसा तो आला. आमच्या हिंदी मुलखातल्या महाराजपूरच्या कॉलनीत मराठी घरं मोजकीच, त्यामुळे एका घरून चकल्या आल्या आणि बाकी सगळीकडून गुजिया, म्हणजे तिकडच्या करंज्या. नातीने त्या खाल्ल्या, आणि रोज एकदा विचारलं, "पण आपली दिवाळी कधी?" दुसरीतल्या मुलीला सुतक आणि वर्ष समजावून सांगणं सोपं नसतं. मी ते फारसं सांगितलंही नाही.

अशात कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण्या हौशी आईने टाकलं की मुलांसाठी हॅलोविन करू या. तो दिवस नेमका नरक चतुर्दशीवर आला होता. झालं, ग्रुप पेटला. आमच्या शेजारचे भैयाजी सगळ्यात पुढे. "चौदस के दिन भूत-प्रेत का नाच नहीं होगा," असं त्यांनी हात जोडलेल्या चित्रासकट लिहिलं. मग बायका उतरल्या, "बच्चे हैं, करने दो" झालं, आणि शेवटी तोडगा निघाला. संध्याकाळी आधी सगळ्यांनी दारात यमाचा दिवा लावायचा, मग मुलांनी भुतं होऊन दारोदार फिरायचं आणि टॉफ्या गोळा करायच्या. ज्या घराच्या फाटकावर कोरलेला कद्दू, म्हणजे लाल भोपळा, दिसेल, तिथेच मुलं थांबणार.

आमच्या घरी हा प्रश्न सासूबाईंच्या कोर्टात गेला. त्यांनी दिनदर्शिका आणायला सांगितली, चष्मा लावून तो दिवस नीट पाहिला आणि म्हणाल्या, "यात तर हे हॅलोविन लिहिलेलंच नाही. मग आपला सण नाही तो. करू दे पोरीला." आमच्या घरातला कायदा असा चालतो. माझी तक्रार नव्हती. सहा-सात महिन्यांत नात पहिल्यांदा घरभर उड्या मारत फिरली.

तिला मग सगळंच जाणून घ्यायचं होतं. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा उत्तर देणं आलंच. मोबाइलवर वाचून मी दोघींना सांगितलं. तिकडे आयर्लंडकडे फार पूर्वी सुगी संपून थंडी सुरू होताना हा दिवस पाळत. त्या रात्री मेलेली माणसं परत फिरकतात अशी समजूत. म्हणून शेकोट्या पेटवायच्या, आणि भुतांनी ओळखू नये म्हणून सोंगं घ्यायची. पुढे चर्चने त्याच्या लगतचा दिवस संतांचा ठरवला. गरीब लोक दारोदार जाऊन त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करत आणि खाऊ घेऊन जात. शलगमाचे कंद कोरून आत दिवा ठेवत. तिथले लोक अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांना कद्दू हे मोठं, कोरायला सोपं फळ मिळालं. शलगम मागे पडला.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. "अच्छा, म्हणजे त्यांचा पितृपक्ष," त्या म्हणाल्या. "आपले भाद्रपदात येऊन जेवून जातात, त्यांचे जरा उशिरा निघतात. पण घरच्याच माणसांना घाबरतात काहून ते?"

मी ते मोबाइलमध्ये शोधायला घेतलं.

चतुर्दशीच्या दुपारी तयारी सुरू झाली. कॉलनीतल्या मुलांनी दसऱ्याला घेतलेले राक्षसांचे मुखवटे बाहेर काढले होते, त्यामुळे अर्धी भुतं लंकेची असणार होती. नातीने जुनी पांढरी चादर मागितली, तिला मी डोळ्यांपुरती भोकं पाडून दिली. आता राहिला कद्दू. आमच्या घरात त्याला कोहळं म्हणतात. मुलगा रेल्वेत गार्ड आहे. आदल्या दिवशी ड्यूटीवर निघण्याआधी त्याने अधारतालच्या बाजारातून मझौलीकडचं एक भलंमोठं कोहळं आणून ओट्यावर ठेवलं होतं. आणलं, पण चिरा द्यायचा विसरला.

हे बाहेरच्याला कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्यात अख्खं कोहळं बाईने चिरायचं नसतं. पहिला चिरा पुरुषाने द्यायचा, मग खुशाल फोडी करा. यांचं स्वयंपाकघरातलं ते एकमेव काम होतं. पेपर बाजूला ठेवून यायचे, सुरी एकदा आरपार घालायचे, "लो, हो गया उद्घाटन," म्हणायचे आणि त्याबद्दल चहा मागायचे. मला तेव्हा त्या चहाचा राग यायचा. ते गेल्यापासून मी अख्खं कोहळं घेतलंच नव्हतं, ठेल्यावरून फोड आणायची. मुलाला चिरा देऊन जा म्हणून सांगायचं राहून गेलं होतं.

सून बँकेत होती. घरात आम्ही तिघीच. मी सुरी धुऊन घेतली आणि कोहळं टेबलावर आणलं.

"थांब," सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या. "काय करून राहिली तू?"

"कोरते आहे, आई. संध्याकाळ होईल."

"शेजारच्या भैयाजींना बोलाव. एक चिरा देऊन जातील."

ज्या माणसाने ग्रुपवर भुतांविरुद्ध मोर्चा उघडला, त्याला भुताचं तोंड कापायला बोलवायचं! मला हसू आलं, आणि लगेच चीडही आली. हे गेल्यापासून मोटर बंद पडली तर कोणाला तरी बोलवा, फाटक कुरकुरलं तर बोलवा. आता एक भाजी चिरायलाही लोकांचं दार वाजवायचं?

"कोणाला बोलवत नाही मी," मी म्हटलं. "सुरी मला धरता येते. कोहळ्याला काय कळतं कोणी चिरलं ते?"

"कोहळं म्हणजे थोरला मुलगा असतो, बाई. बाईने चिरलं तर थोरल्यावर येतं." त्या आवाज न चढवता बोलत होत्या. "तुझा गाडीवर आहे."

मी अशा गोष्टी मानत नाही. वर्गात मुलांना मानू नका म्हणून सांगितलं आहे. पण 'गाडीवर आहे' हे ऐकलं आणि माझा हात थांबला, हे खरं. स्वतःचा फार राग आला, तरी हात पुढे जाईना.

नातीने मार्ग काढला. "आजी, पापाला व्हिडिओ कॉल करा ना. ते कट बोलतील, आपण कापून टाकू. चलो!" सासूबाईंनी यावर विचार केला आणि चालेल म्हणून मान हलवली. आम्ही फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. गाडीवर असताना त्याचा फोन बहुतेक वेळा लागत नाही, मला ते पाठ आहे. तरी त्या दुपारी मी तिसऱ्यांदा लावला. बाहेर कोणी दारापुढे सारवण घालायला सुरुवात केली होती, आणि नात चादर डोक्यावर घेऊन उभी होती. भोकांतून तिचे डोळे भरलेले दिसत होते.

"नको बेटा, या वर्षी राहू दे," मी सुरी खाली ठेवत म्हटलं. "पुढच्या वर्षी करू."

तेव्हा सासूबाई उठल्या. गुडघे धरून, टेबलाचा आधार घेत आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. पदर खोचला आणि हात पुढे केला.

"दे ती सुरी."

"आई, तुम्हीही बाईच ना?"

"मग? तू नको चिरू. तुझा थोरला आहे अजून." त्यांनी कोहळं स्वतःकडे ओढून घेतलं. "माझ्या थोरल्याला आता काय होणार आहे?"

कोहळं घरंगळू नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्यांनी सुरी देठाजवळ टेकवली आणि अंगातला सगळा जोर लावून दाबली.